लुई पाश्चर आणि गढूळ पेला

लोहाऱ्याला आमच्या घरी पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवण्याचे काम माझ्याकडे असे. पावसाळ्यात आडाचे पाणी चहाच्या रंगाचे येई. घागरीत तुरटीचा खडा वीस-पंचवीस वेळा गोल फिरवायचा आणि झाकण ठेवून द्यायचे. रात्रभरात गाळ खाली बसे. सकाळी घागरीचा तळ दिसला की पाणी चांगले, एवढाच आमचा हिशेब. १९६७ च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण मुदतीच्या तापाने गेली. चार वर्षांची होती. ती प्याली ते पाणी मीच निवळवलेले होते आणि घागरीचा तळ अगदी लख्ख दिसत होता.

लुई पाश्चर या माणसाकडे मी वळलो तो शाळेतल्या धड्यामुळे नव्हे. धड्यात पिसाळलेला कुत्रा आणि लस, एवढेच होते. खरी ओळख झाली ती निवृत्तीनंतर, पुण्यात, आणि तीही बिअरच्या पेल्यामुळे. जिथल्या तिथे बिअर तयार करून देणारी ठिकाणे पुण्यात २००९ पासून निघाली. अशाच एका ठिकाणी पुतण्याने मला हौसेने नेले. समोर आलेला पेला पातळ ताकासारखा धुरकट. ही नासलेली तर नाही ना, असे मी हळूच विचारले. काकांच्या अडाणीपणावर तो हसला आणि गव्हाची बिअर अशीच असते म्हणाला. पण पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाचे तोंडी खुलाशावर समाधान होत नाही. घरी येऊन पुस्तके काढली. बिअर चांगली असायला ती नितळच असली पाहिजे का, या प्रश्नाचा माग काढत गेलो तो पाश्चर यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

रविवारच्या पानावर बिअरचे नाव पाहून वडीलधाऱ्यांनी भुवया उंचावू नयेत. ज्या पाश्चर यांनी बिअरवर जाडजूड ग्रंथ लिहिला त्यांना स्वतःला ती फारशी आवडत नसे.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावचा. वडील नेपोलियनच्या फौजेत लढून आलेले आणि पुढे कातडी कमावण्याचा धंदा करणारे. लहानपणी पोराचा हात चित्रकलेत चांगला होता. पॅरिसला शिकायला पाठवले तर घरच्या आठवणीने इतका खंगला की वडिलांना जाऊन परत आणावे लागले. पुढे मात्र तो पॅरिसलाच शिकला, रसायनशास्त्रात त्याने नाव काढले आणि १८४९ साली मारी लोरां हिच्याशी लग्न केले. या बाईंनी जन्मभर नवऱ्याची टिपणे उतरवून घेतली. विज्ञानाच्या इतिहासात अशा बायकांची नावे तळटिपेतसुद्धा क्वचितच सापडतात.

१८५६ साली लील शहरात बिटाच्या रसापासून मद्यार्क काढणाऱ्या एका कारखानदाराची पिपे नासू लागली. त्याचा मुलगा पाश्चर यांचा विद्यार्थी होता. पाश्चर सूक्ष्मदर्शक घेऊन बसले. चांगल्या पिपातल्या थेंबात यीस्टचे गोल गोल दाणे दिसत, नासलेल्या पिपात त्यांच्या जागी बारीक काड्या वळवळत. आंबणे हे नुसते रासायनिक सडणे आहे, असे त्या काळचे मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ मानत. ते जिवंत जीवांचे काम आहे, आणि एक जीव करतो ते दुसरा बिघडवतो, हे पाश्चर यांनी दाखवून दिले. आपल्या घरातली बाई इडलीचे पीठ आज चांगले आले की नाही हे वासावरून ओळखते. त्यामागचे कारण या माणसाने शोधले.

आता जे सांगायचे ते मला वाचतानाही जड गेले. थोरली मुलगी जान १८५९ मध्ये मुदतीच्या तापाने गेली, नऊ वर्षांची होती. १८६५ मध्ये दोन वर्षांची कामीय गेली. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल, पुन्हा तोच ताप. दारूच्या पिपातले शत्रू ज्याला दिसत होते, त्याच्या घरात शिरलेला शत्रू त्याला दिसला नाही. मुदतीच्या तापाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सापडायला १८८० साल उजाडावे लागले. ऑक्टोबर १८६८ मध्ये पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू कायमची अधू झाली. ते तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. त्यांची बहुतेक कीर्ती यानंतरची आहे.

१८७० मध्ये प्रशियाने फ्रान्सवर मात केली. मुलगा फौजेत होता. त्याचा पत्ता लागेना, तेव्हा हे अधू गृहस्थ पत्नीला घेऊन जानेवारीच्या बर्फात त्याला शोधायला निघाले आणि पराभूत सैन्याच्या गर्दीत तो त्यांना सापडला. बॉन विद्यापीठाने दिलेली मानद पदवी त्यांनी रागाने परत केली. आणि मग ते बिअरकडे वळले. बिअर म्हणजे जर्मनांची मिरास. तीच फ्रेंचांनी अधिक चांगली करून दाखवायची, असा हा सूड! आपल्या पद्धतीने काढलेल्या बिअरला राष्ट्रीय सूडाची बिअर म्हणावे, अशी त्यांची इच्छा होती. एवढा थोर माणूस आणि एवढा बालिश हट्ट, पण या हट्टातून काम मात्र पक्के झाले. क्लेरमाँ-फेराँ गावाजवळच्या एका लहानशा कारखान्यात त्यांनी सुरुवात केली आणि १८७१ च्या सप्टेंबरात ते लंडनला व्हिटब्रेड यांच्या अवाढव्य कारखान्यात गेले.

तिथे त्यांनी काळ्या पोर्टर बिअरचे यीस्ट मागवले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि यात परके जीव आहेत, हिची चव बिघडलेली असणार, असे चव न घेताच सांगितले. व्यवस्थापक चपापले. तक्रारी खरोखरच येत होत्या. आठवड्याभराने पाश्चर पुन्हा गेले, तोवर कारखान्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता आणि यीस्टही बदलून टाकले होते.

पुतण्याच्या पेल्याचे उत्तर मला इथे मिळाले. बिअर गढूळ होते ती अनेक कारणांनी. तिच्यात तरंगणारे यीस्ट, धान्यातली प्रथिने, गहू असला तर आणखी धूसरपणा. यातले काहीच अपायकारक नाही. बव्हेरियातली गव्हाची बिअर यीस्टसकट गढूळच पितात. दुसरीकडे, आंबटपणा आणणारे जीव सुरुवातीला इतके थोडे असतात की पेला काचेसारखा चमकतो आणि नासणे आत चालू झालेले असते. हे जीव वाढले की मग ढग दिसतो. म्हणून जी बिअर नितळच असायला हवी ती एकाएकी गढुळली तर तो इशारा असतो. जी मुळातच गढूळ आहे तिच्याबद्दल डोळा काहीच सांगत नाही. बँकेत मी अशी कर्जप्रकरणे पाहिली आहेत. कागद न् कागद जागच्या जागी असलेले प्रकरण बुडायचे आणि शेणाच्या हाताने सही केलेला शेतकरी दर हंगामाला व्याज भरून जायचा.

मग नितळपणाचा हा सोस आला कुठून? बराचसा काचेतून. मातीच्या आणि कथलाच्या मगात पीत तोवर आत काय दिसते याची फिकीर नव्हती. १८४२ मध्ये बोहेमियातल्या प्लझेन गावी सोनेरी, पारदर्शक बिअर निघाली, पुढे काचेचे पेले स्वस्त झाले आणि लोक डोळ्यांनी पिऊ लागले. इंग्रज तर गाळ खाली बसवायला माशाच्या पोटातली वाळवलेली हवेची पिशवी वापरत. आपल्या किनाऱ्यावरच्या घोळ माशाची पिशवीही या कामाला चालते. काम तेच, आमच्या तुरटीचे.

आमच्या गावाकडे याची उलटी बाजू होती. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांचा रस उतरताना बराच निवळ असतो आणि आंबत जातो तसा दुधासारखा पांढरा होतो. निजामाच्या राज्यात शिंदीचे गुत्ते लिलावात जात आणि आबकारीचा पैसा सरकारी खजिन्यात पडे. १९४७ मध्ये स्टेट काँग्रेसच्या लढ्यात शिंदीची झाडे तोडली गेली, त्यात आमचे आजोबा कुऱ्हाड घेऊन होते. शिंदीचा गढूळपणा हाच तिच्या घाणेरडेपणाचा पुरावा, असे ते सांगत. तिने घरे बसवली हे खरेच आहे. पण ती तिच्या रंगामुळे नव्हे.

पाश्चर यांचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ मध्ये आला. बाटल्या पन्नास-पंचावन्न अंश सेल्सिअसपर्यंत तापवून नासणे थांबवण्याची जी रीत त्यांनी आधी वाइनसाठी काढली होती, तिचेच नाव आज आपल्या दुधाच्या पिशवीवर असते. तरी एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली. त्यांचा सगळा संशय परक्या जंतूंवर होता. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी दाखवले की यीस्टच्याही चांगल्या-वाईट जाती असतात आणि रानटी जातीचे यीस्ट बिअर गढूळ व कडू करू शकते. एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची त्यांची पद्धत मालक याकोबसेन यांनी स्वतःपाशी न ठेवता इतरांनाही मोकळी करून दिली. याच याकोबसेन यांनी आधी पाश्चर यांचा अर्धपुतळा करवून घेतला होता.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. १८८१ मध्ये मेंढ्यांना काळपुळीची लस, ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस, १८८८ मध्ये पॅरिसची संस्था. त्याच संस्थेतून आलेल्या हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची त्यांच्या नावाची संस्था आपण येता-जाता पाहतो. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी गेले. उत्तर आयुष्यात ते जेवायला बसले की ताटली आणि पेला पुसून घेत, पावाचा तुकडा कुस्करून निरखून पाहत आणि हस्तांदोलन शक्यतो टाळत. पाहुण्यांना हे विचित्र वाटे. तीन मुली पुरलेल्या बापाचे मला ते विचित्र वाटत नाही.

बहीण गेल्यावर आरोग्य खात्याची एक नर्सबाई घरी आली आणि पाणी उकळून प्या म्हणून सांगून गेली. त्या दिवसापासून आईने पाणी उकळले. सरपणाची टंचाई असतानाही उकळले. पण तुरटी फिरवणेही तिने सोडले नाही. आधी तुरटी, मग चूल. ते काम मात्र पुन्हा कधी तिने मला सांगितले नाही, आणि का, हे मीही तिला कधी विचारले नाही.