कैदेत वाढलेला वारस : छत्रपती शाहू

शाहू महाराज म्हटले की बहुतेकांना कोल्हापूरचे राजर्षी आठवतात. आज आपण त्यांच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी होऊन गेलेल्या साताऱ्याच्या छत्रपती शाहूंची ओळख करून घेणार आहोत. हे शिवाजी महाराजांचे नातू आणि संभाजी महाराज व येसूबाई यांचे पुत्र. जन्म १८ मे १६८२, माणगावजवळच्या गांगोली गावी.

११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार मारले. त्याच वर्षी रायगड पडला आणि सात वर्षांचा हा वारस आईसह मोगलांच्या हाती लागला. पुढची सुमारे अठरा वर्षे त्याने बादशहाच्या फिरत्या छावणीत काढली. वडिलांचा जीव घेणाऱ्याच्याच छायेत मूल लहानाचे मोठे झाले. त्याला सात हजारी मनसब मिळाली, बादशहाची मुलगी झीनतउन्निसा हिने मायेने सांभाळले. पण कैद ती कैदच. बाबेलच्या दरबारात नेलेल्या दानिएलाची आठवण आपल्याला इथे होते. त्यालाही मान मिळाला, पण परत जाण्याची मोकळीक नव्हती.

१७०० साली शाहूंनी धर्म बदलावा असा आग्रह झाला. त्यांनी नकार दिला. अखेर त्यांच्याऐवजी सरसेनापती प्रतापराव गुजरांचे मुलगे खंडेराव आणि जगजीवन यांनी धर्मांतर केले. एकाची सदसद्विवेकबुद्धी अबाधित राहावी म्हणून दोघांनी आपली किंमत मोजली. शाहूंनी हे उपकार विसरले नाहीत. सत्तेवर आल्यावर त्यांनी या घराण्याला इनाम दिले.

१७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब वारला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात भोपाळजवळ दोराहा येथे आझमशहाने शाहूंना सोडले. हे औदार्य नव्हते. दक्षिणेत महाराणी ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने राज्य सांभाळत होत्या. शाहू परतले की मराठ्यांत भांडण लागेल, हा हिशेब होता. शिवाय येसूबाईंना ओलीस ठेवून घेण्यात आले. मुलगा सुटावा म्हणून आई आणखी बारा वर्षे मागे राहिली.

परतीच्या वाटेवर आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरातील पारद गावी चकमक झाली. गावचा पाटील सयाजी लोखंडे शाहूंच्या माणसांशी लढताना मारला गेला. त्याच्या विधवेने आपले लहान मूल आणून शाहूंच्या पायाशी घातले. ज्याचे स्वतःचे वडील असेच गेले होते, त्याला त्या क्षणी काय वाटले असेल? त्यांनी ते मूल उचलून घेतले, फत्तेसिंह नाव ठेवले आणि पोटच्या मुलासारखे वाढवले.

त्याच वर्षी शाहू खुलदाबादला औरंगजेबाच्या कबरीच्या दर्शनाला गेले, अशी नोंद मोगल इतिहासकार खाफीखानाने केली आहे. त्यात काही राजकारण असेलही. पण मनात सूड घेऊन बसलेला माणूस त्या वाटेने गेला नसता, असे आम्हांला वाटते.

घरचा वाद मात्र टळला नाही. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेड येथे लढाई झाली, शाहू जिंकले आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. पुढे १७३० मध्ये ताराबाई त्यांच्या हाती सापडल्या तेव्हा त्यांनी चुलतीला साताऱ्यातच, नजरकैदेत का होईना, मानाने ठेवले. दुसऱ्याच वर्षी वारणेच्या तहाने कोल्हापूरची गादीही मान्य केली.

१७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्या सुभ्यांत वऱ्हाड होता, आणि आपली पाथरी अकबराच्या काळापासून वऱ्हाडातले एक सरकार म्हणून गणली जाई. म्हणजे तो कागद आपल्या परभणीच्या मातीशीही जोडलेला आहे. त्याच खेपेला येसूबाईही सुटून आल्या. तीस वर्षांनी त्या माऊलीने स्वराज्य पाहिले. आम्हांला विचाराल तर सनदांपेक्षा हीच त्या वर्षाची मोठी गोष्ट.

शाहू स्वतः फारसे रणांगणावर गेले नाहीत. माणसे पारखायची आणि त्यांना मोकळीक द्यायची, ही त्यांची रीत. त्यामुळे राज्य उत्तरेपर्यंत वाढले. त्यामुळेच सत्ता हळूहळू पेशव्यांकडे गेली, हेही खरे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तीही शाहूंच्याच कारकिर्दीत. पोर्तुगीज निघून गेले, पण वसईचे ख्रिस्ती कुटुंबकबिले तिथेच राहिले आणि स्थानिक धर्मगुरूंच्या आधाराने त्यांनी श्रद्धा टिकवली. आज मराठीतून उपासना करणाऱ्यांत त्यांचे वंशज मोठ्या संख्येने आहेत.

१५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात शाहूंचे निधन झाले. संगम माहुलीला कृष्णाकाठी त्यांची समाधी आहे. मागे औरस मुलगा नव्हता, त्यामुळे गादी दत्तक रामराजांकडे गेली. पारदच्या त्या पोरक्या मुलाला मात्र अक्कलकोटची जहागीर मिळाली, आणि त्या घराण्याचे राज्य १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत चालले.