सर्पगंधेला मापाची कसोटी लावणारा धन्वंतरी

धुळे-जळगाव रस्त्यावरील पारोळ्यासारख्या गावी रक्तदाब मोजून घेणे ही आता नवलाची गोष्ट उरलेली नाही. परंतु दाब उतरला म्हणजे रोग गेला, असे मानून आपल्याच मनाने गोळी बंद करणारे अद्यापि पुष्कळ आहेत. अशा वेळी डॉ. रुस्तम जाल वकील यांचे चरित्र उद्बोधक ठरावे.

१९११ साली मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेल्या वकिलांनी लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून के. ई. एम. रुग्णालयात हृद्‌रोग्यांची सेवा केली. त्या काळी वाढत्या रक्तदाबावर विश्रांती, मीठ तोडणे आणि मज्जातंतूंवरील अवघड शस्त्रक्रिया यांखेरीज फारसे काही हाती नव्हते. सर्पगंधेचे मूळ मात्र वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. ते दाब उतरविते, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली नोंदविलेही होते. वकिलांनी त्या मुळाचे पोवाडे गायिले नाहीत, की हेटाळणीही केली नाही. त्यांनी दाब मोजला, पुन:पुन्हा मोजला आणि ५० रोग्यांचा वृत्तांत १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा जगाला जाग आली. १९५२ साली त्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचे लास्कर पारितोषिक व १९५८ मध्ये पद्मभूषण लाभले. १९७४ साली ते निवर्तले.

रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकाशी असलेला नॉरॲड्रेनलिनचा साठाच रिता करते. त्यामुळे दाब उतरतो, नाडी मंदावते. पण मोठ्या मात्रेने मनास खिन्नता येई. पुढे १९६० नंतरच्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल सिद्ध केले. हे बीटा-ब्लॉकर साठ्याला हात न लावता हृदयावरील ग्राहींची वाट अडविते. ठोके कमी होतात, आकुंचनाचा जोर घटतो, मूत्रपिंडातून रेनिन कमी स्रवते. नुसत्या रक्तदाबासाठी आज बहुधा अन्य औषधे आधी देतात. हृद्‌विकाराची जोड असता मात्र बीटा-ब्लॉकरचे महत्त्व कायम आहे. दमेकऱ्यास ते जपून द्यावे लागते. ते एकाएकी सोडल्यास अडविलेला वेग उसळून येतो आणि प्रसंगी हृद्‌विकाराचा झटकाही ओढवतो.

म्हणून औषध जुने की नवे, हा वाद गौण होय. मोजल्यावाचून गोळी घेऊ नये आणि वैद्याला विचारल्यावाचून ती सोडू नये, एवढा नेम पारोळ्याच्या घराघरांत रुजला, तर वकिलांच्या कष्टांचे चीज होईल.