रविवारची सुट्टी लक्षात राहिली, पण लोखंडेंची पाचवी मागणी आपण विसरलो

दिवाळी उरकली की दिग्रस, दारव्हा, पुसद या पट्ट्यात रस्त्यावर कापसाच्या गाड्या दिसायला लागतात. जिनिंगच्या आवारात पांढरे ढीग लागतात. सरकी एकीकडे, रुई दुसरीकडे आणि पुढे प्रेसिंगमध्ये गाठी. काम सगळं हंगामाचं. काही महिने मशीन धडधडतात, मग उन्हाळ्यात आवार शांत होतं.

आता एक साधा प्रश्न. अशा ठिकाणी हंगामापुरत्या आलेल्या मजुराचा हात मशीनमध्ये गेला, तर त्याची नोंद कुठे होते? आणि तो महिनाभर घरी बसला, तर त्याच्या घरची चूल कशी पेटते?

आज मोठ्या कंपन्यांना हा प्रश्न 'सस्टेनेबिलिटी रिपोर्ट'मध्ये विचारला जातो. पण मुंबईतल्या गिरणीत स्टोअरकीपर राहिलेल्या एका माणसानं तो १८८४ सालीच सरकारपुढे मांडला होता.

त्यांचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.

रविवारची सुट्टी मिळवून देणारा माणूस म्हणून ते दरवर्षी १० जूनला आपल्या फोनवर येतात. पोस्ट फॉरवर्ड होते, विषय संपतो. पण लोखंडेंनी मागितलेल्या गोष्टी एकूण पाच होत्या. सुट्टी त्यातली पहिली. पाचवी होती अपघाताची. तिची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

स्टोअरकीपर ते संपादक

लोखंडेंचा जन्म ८ फेब्रुवारी १८४८ चा, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झालं. त्या काळात बहुजन समाजातल्या मुलासाठी ही मोठी गोष्ट होती. आधी रेल्वेत, मग पोस्टात नोकरी केली आणि पुढे मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले.

ही नोकरी महत्त्वाची ठरली. स्टोअरकीपर मालक नसतो आणि मशीनवरचा कामगारही नसतो. पण गिरणीत काय येतं, काय जातं, कोण कधी आला, कोण कामावरून कायमचा गेला, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत असतं.

त्या वेळी गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर कामही मोठं. आठवड्याची सुट्टी नाही. पगार कधी होईल याचा भरवसा नाही. लहान मुलं, बाया, पुरुष सगळे त्याच कोंदट खात्यांत. नाकातोंडात कापसाची धूळ आणि शेजारी उघडे फिरणारे पट्टे.

लोखंडे महात्मा फुलेंच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. सत्यशोधकी विचारांचं 'दीनबंधु' हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलं होतं. ते आर्थिक अडचणीत आलं, तेव्हा १८८० साली लोखंडेंनी ते हाती घेतलं आणि मुंबईतून चालवलं. शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्याबद्दल त्यात नेमानं छापून यायला लागलं. पुढे त्यांनी नोकरीही सोडली.

कायदा आला, पण कुणासाठी?

१८८१ मध्ये भारतातला पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात धोकादायक मशीनला कुंपण घालायचं आणि अपघात झाला तर सरकारला कळवायचं, अशी तरतूद होती. म्हणजे अपघाताची नोंद ठेवण्याची कल्पना आपल्याकडे १४० वर्षांहून जुनी आहे.

पण कायद्यात दोन मोठी भोकं होती.

पहिलं म्हणजे, अपघात कळवायचा होता, पण जखमी माणसाला काही द्यायचं नव्हतं. दुसरं म्हणजे 'फॅक्टरी' कशाला म्हणायचं, त्याची व्याख्या. जिथे १०० किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त काम चालतं, तीच फॅक्टरी.

आता कापसाचा हंगाम आठवा. हंगामापुरतं चालणारं, कमी माणसांचं जिनिंग या व्याख्येतून अलगद बाहेर पडत होतं.

तेव्हा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होता आणि आजचा यवतमाळ जिल्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जायचा. वऱ्हाडाचा कापूस रेल्वेनं मुंबईला जात होता. त्याच कापसावर मुंबईतल्या गिरणीत काम करणारा माणूस अर्धामुर्धा का होईना, कायद्याच्या आत होता. पण जिथे तो कापूस वेचला आणि पिंजला जायचा, तिथला मजूर बहुतेक वेळा बाहेरच.

१८८४ मध्ये मुंबई सरकारनं फॅक्टरी कायद्याचा विचार करायला कमिशन नेमलं. त्या कमिशनसमोर खानदेशातल्या जिनिंगची जी माहिती आली, ती भयंकर होती. बाया पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उभ्या राहून काम करत होत्या. हंगाम जोरात असला तर रात्रसुद्धा जोडली जायची.

पाच मागण्या

कमिशन नेमलं की साक्ष कोण देतं? मालक, मॅनेजर, अधिकारी, डॉक्टर. ज्याचा हात मशीनमध्ये जातो, त्याला बहुतेक कुणी विचारत नाही.

लोखंडेंनी इथेच घाव घातला. २३ सप्टेंबर १८८४ ला परळ भागात त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. कमिशनला द्यायचा अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. मागण्या अशा होत्या:

१. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी.
२. दुपारी अर्धा तास विश्रांती.
३. सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्य मावळला की बंद.
४. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत.
५. काम करताना गंभीर दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

पाचवी मागणी पुन्हा वाचा. त्या काळी अपघात म्हणजे कामगाराचं नशीब किंवा त्याचा निष्काळजीपणा मानला जायचा. लोखंडेंनी सांगितलं की अपघात हा कामाचाच भाग आहे, म्हणून त्याचा खर्चही कामानंच उचलायला हवा.

याच काळात बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी राहिली. तिला भारतातली पहिली कामगार संघटना म्हणतात आणि लोखंडेंना कामगार चळवळीचे जनक. पण तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. अडचणीतला कामगार लोखंडेंकडे जायचा आणि ते त्याला सल्ला द्यायचे, अर्ज लिहून द्यायचे. आजच्या अर्थानं ती युनियन नव्हती. पण ज्यांचं कुठेच लिहिलं जात नव्हतं, त्यांचं लिहून घेणारी ती जागा होती.

सुट्टी मिळाली, भरपाई राहिली

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे १० हजार कामगारांची सभा भरली. त्यात दोन कामगार बायांनी भाषणं केली. अखेर १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारच्या सुट्टीचा निर्णय घेतला. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हा मुद्दाही लोखंडेंनी मांडल्याचं सांगितलं जातं.

त्याच वर्षी सरकारनं पुन्हा फॅक्टरी कमिशन नेमलं आणि यावेळी मुंबईतल्या कामात लोखंडेंना सोबत घेतलं. सहा वर्षांपूर्वी बाहेरून अर्ज देणारा माणूस आता टेबलाच्या पलीकडे बसला होता.

१८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, दुपारचा अर्धा तास आला. नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी आली. बायांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा लागली. १०० माणसांची अट ५० वर आली.

पण पाचवी मागणी तशीच राहिली.

लोखंडे थांबले नाहीत. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लीम दंगल झाली, तेव्हा शांततेसाठी त्यांनी काम केलं. १८९५ मध्ये सरकारनं त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पहिले रुग्ण सापडले ते मांडवीतच. लोक शहर सोडून पळत होते. लोखंडे थांबले आणि प्लेगच्या रुग्णांच्या सेवेत उतरले. त्यातच त्यांना लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. आदल्याच दिवशी त्यांना ४९ वर्षं पूर्ण झाली होती. महिनाभरानं, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेल्या.

त्यांच्यानंतर काय झालं? हंगामी कारखाने कायद्यात आले ते १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं. आणि जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा झाला १९२३ मध्ये. पाचवी मागणी मांडून तेव्हा ३९ वर्षं झाली होती.

मग आजच्या रिपोर्टचा काय संबंध?

सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना एक रिपोर्ट सक्तीचा केला. नाव बीआरएसआर, म्हणजे बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट. त्यातल्या तिसऱ्या तत्त्वात कामगारांचं आरोग्य आणि सुरक्षितता येते. किती मृत्यू झाले, किती दुखापती झाल्या, किती गंभीर होत्या, कामाच्या परिस्थितीबद्दल किती तक्रारी आल्या, हे सगळं लिहावं लागतं.

त्यात एक आकडा असतो, लॉस्ट टाइम इन्ज्युरी फ्रिक्वेन्सी रेट. दर १० लाख कामाच्या तासांमागे कामावर येता येणार नाही अशा किती दुखापती झाल्या, ते तो सांगतो. समजा एका कारखान्यात ५०० माणसं आहेत आणि प्रत्येकानं वर्षाला २००० तास काम केलं. झाले १० लाख तास. तीन माणसं जखमी होऊन घरी बसली, तर दर ३.

आता त्यातला एक ठेकेदाराचा माणूस होता म्हणून मोजलाच नाही, तर दर २ होतो. कारखाना कागदावर सुरक्षित झाला. माणसाचा हात तेवढाच गेला.

म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या जीआरआय ४०३ या मानकात २०१८ मध्ये मोठा बदल झाला. फक्त पगारपत्रकावरची माणसं मोजून चालत नाही. ज्यांचं काम किंवा कामाची जागा कंपनीच्या ताब्यात आहे, ते सगळे मोजायचे, मग ते ठेकेदाराचे का असेनात. आणि सुरक्षिततेच्या कामात कामगारांना कसं सामील केलं, तेही सांगायचं. लोखंडेंनी साडेपाच हजार सह्या घेऊन दुसरं काय केलं होतं?

पण भोकं अजून आहेत. गावाकडचं जिनिंग सहसा शेअर बाजारात नसतं. मोठ्या कंपनीनं तिथून माल घेतला, तरी पुरवठादारांकडची सुरक्षितता तपासली का, हा प्रश्न बीआरएसआरच्या ऐच्छिक भागात येतो.

यवतमाळ जिल्ह्यानं तर हे फार जवळून पाहिलंय. २०१७ च्या हंगामात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली. शेकडो दवाखान्यात होती. त्यात दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं फवारणी करणारेही होते. तेही काम करतानाच गेले. पण कुठल्या कंपनीच्या दुखापतींच्या तक्त्यात त्यांना जागा नव्हती.

एक काम करा

२००५ मध्ये लोखंडेंच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. पण त्यांची आठवण ठेवायची तर आणखी एक मार्ग आहे.

ज्या कंपनीचे शेअर तुमच्याकडे आहेत किंवा जिथे तुम्ही कामाला आहात, तिचा बीआरएसआर उघडा. तो कंपनीच्या वेबसाइटवर मोफत मिळतो. तिसरं तत्त्व काढा आणि तीन गोष्टी बघा. ठेक्यावरचे कामगार मोजलेत का? हजारो माणसं असून सुरक्षिततेची एकही तक्रार नाही, असं लिहिलंय का? असेल तर तक्रार करायला जागा होती का? आणि पुरवठादारांच्या रकान्यात काही आकडा आहे की तो रिकामाच सोडलाय?

आणि तुमच्या ओळखीतलं कुणी हंगामी कामाला जात असेल, तर त्याला एवढं सांगा की कामावर लागलं तर दवाखान्याचा कागद जपून ठेव आणि तारखेसह लेखी कळव. भरपाईचा कायदा आज आहे. पण अपघात कागदावर आला नाही, तर तो कायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही.