विश्लेषण : सत्याग्रही वकील ते राज्यपाल... आणि पुन्हा निवडणुकीच्या मैदानात! कोण होते लोकनायक बापूजी अणे?

राज्यपालपद म्हणजे राजकारणातली निवृत्ती, असं सर्रास म्हटलं जातं. माधव श्रीहरी अणे यांनी मात्र राजभवन सोडल्यावर सात वर्षांनी, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकलीही.

अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणीचा. काही वर्षं शिक्षकी करून त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली. ते टिळकांचे कट्टर अनुयायी होते.

समुद्र नाही, मग सत्याग्रह कसा?

१९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडात समुद्रच नाही, पण जंगल आहे आणि राखीव जंगलातलं गवत कापायला सरकारची बंदी होती. शेतकऱ्याच्या गुराढोरांशी जोडलेला हा प्रश्न अणे यांनी अचूक हेरला. १० जुलैला पुसदजवळ त्यांनी गवत कापून कायदा मोडला आणि अटक करवून घेतली. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्षही झाले.

मराठवाड्याशीही त्यांचं नातं आहे. निजामाच्या राज्यात धार्मिक आणि नागरी स्वातंत्र्यासाठी सत्याग्रह उभा राहण्याआधी, डिसेंबर १९३८ मध्ये सोलापुरात आर्य परिषद झाली. तिचे अध्यक्ष अणे होते. जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं.

१९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ब्रिटिशांच्या मंडळात जाणं अनेक सहकाऱ्यांना रुचणारं नव्हतंच. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी सरकार हटेना, तेव्हा अणे यांनी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. त्यानंतर ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून श्रीलंकेत होते.

राज्यपालाच्या हाती काय असतं?

जानेवारी १९४८ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले. दोन वर्षांनी राज्यघटना लागू झाली. राज्यपाल राज्याचा प्रमुख, कारभार त्याच्याच नावाने चालतो. पण मोजके अपवाद सोडले तर त्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं, अशी ही रचना. आयुष्यभर सरकारशी भांडलेल्या माणसाला ही चौकट घट्टच म्हणायची. १९५२ च्या जूनपर्यंत ते पाटण्याला होते.

नंतर मात्र त्यांनी वेगळ्या विदर्भाची मागणी लावून धरली. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भ राज्याची शिफारसही केली होती, पण ती मानली गेली नाही. याच मागणीसाठी अणे १९५९ मध्ये नागपुरातून लोकसभेवर गेले आणि १९६२ मध्ये पुन्हा निवडून आले. तोवर विदर्भ महाराष्ट्रात आला होता.

२६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळालं. टिळकांवर त्यांनी संस्कृतात रचलेल्या ‘श्रीतिलकयशोर्णव’ या महाकाव्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.