शब्दाला जागलेला वीर : मार्क ट्वेन

अंगात पोलादी चिलखत, हाती भाला आणि बसावयास घोड्याऐवजी मोटारगाडी! १९३१ साली निघालेल्या एका अमेरिकन बोलपटात इंग्लंडच्या आर्थर राजाचे सरदार असे धावताना दिसतात. त्याच कथेवरील १९२१ च्या मूकपटात ते मोटारसायकलींवर स्वार झाले होते. मूळ कादंबरीत तर पाचशे सरदार सायकलींवरून राजाच्या सुटकेस येतात. या विलक्षण कल्पनेचे जनक म्हणजे मार्क ट्वेन.

त्यांचे खरे नाव सॅम्युएल क्लेमेन्स. ३० नोव्हेंबर १८३५ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी पितृछत्र हरपले आणि लवकरच छापखान्यात उमेदवारी करणे भाग पडले. पुढे मिसिसिपी नदीवर ते आगबोटीचे वाटाडे झाले. त्या नदीवरील बोलीत 'मार्क ट्वेन' म्हणजे दोन वाव खोल पाणी. १८६३ पासून तेच त्यांचे टोपणनाव झाले. टॉम सॉयर व हकलबेरी फिन या खट्याळ पोरांच्या कथांनी त्यांची कीर्ती जगभर पसरली.

आर्थर राजाच्या जुन्या कथा वाचताना, चिलखतात कोंडलेल्या माणसास खाज सुटली तर त्याने काय करावे, असा मिस्किल विचार त्यांच्या मनात आला. त्यातूनच १८८९ साली ती कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक एका कारखान्यातील कसबी कारागीर. डोक्यावर प्रहार होऊन तो बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येतो तो सहाव्या शतकात! तो तेथे तारायंत्र, टेलिफोन व शाळा सुरू करतो. परंतु अखेर त्याच्याच यंत्रांनी हजारो सरदारांचा संहार होतो.

यंत्राच्या मोहाने स्वतः लेखकासही सोडले नाही. खिळे जुळविणाऱ्या एका नव्या यंत्रापायी त्यांनी अमाप पैसा ओतला. ते यंत्र कधी भरवशाचे झालेच नाही. १८९४ साली त्यांच्या प्रकाशनसंस्थेचेही दिवाळे निघाले. कायद्याचा आधार घेऊन थोडक्यात सुटका करून घेणे शक्य होते. परंतु प्रत्येकाची पै न् पै फेडण्याचा निश्चय त्यांनी केला. साठीच्या उंबरठ्यावर, प्रकृती साथ देत नसताना, १८९५ साली ते व्याख्याने देत जगप्रवासास निघाले.

या प्रवासात जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईस उतरले व तेथून बडोद्यास आले. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्यापुढे त्यांचे व्याख्यान झाले. येथील हत्ती व सोन्याचांदीच्या तोफा यांचे वर्णन त्यांनी आपल्या प्रवासग्रंथात केले आहे. सभा हसत होत्या, आणि हसविणारा कर्जाचे ओझे वाहत होता.

दौरा संपतो न संपतो तोच, ऑगस्ट १८९६ मध्ये, इंग्लंडमध्ये असताना त्यांना वज्राघातासारखी वार्ता कळली : चोवीस वर्षांची लाडकी कन्या सूझी मायदेशी निवर्तली होती. तरीही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. १८९८ साली सर्व कर्ज फिटले. २१ एप्रिल १९१० रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

पडद्यावरील चिलखतधारी वीर पाहून आपण पोट धरून हसतो. त्यांना निर्माण करणाऱ्याच्या अंगी चिलखत नव्हते. परंतु दिलेला शब्द पाळण्याचे शौर्य मात्र त्याने आयुष्याच्या उतरणीवर गाजविले. विद्यार्थ्यांनी हे विसरू नये.