ठेकेदार जोतीराव आणि आमचं नळकोंडाळं

सेकंड इयर संपेपर्यंत महात्मा फुले म्हणजे माझ्यासाठी शाळेच्या भिंतीवरचा एक फोटो होता. डोक्याला पागोटं, ११ एप्रिलला हार, आणि परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न. पाठ केलेलं उत्तर लिहायचं आणि मोकळं व्हायचं. हा फोटो माझ्यासाठी जिवंत झाला तो एका ड्रॉइंगमुळे. इंजिनियरिंगच्या मासिकात ड्रॉइंगपासून सुरुवात केली तर कोणी रागावणार नाही!

मी जामखेड तालुक्यातला. थर्ड इयरला आमचा एन.एस.एस.चा कॅम्प योगायोगाने माझ्याच गावात लागला. सिव्हिलच्या आम्हा चौघांना काम मिळालं ते असं: नवीन टाकीपासून एक सार्वजनिक नळकोंडाळं कुठे बसवायचं याचा सर्व्हे करून ड्रॉइंग द्यायचं. ऑटो लेव्हल आणि स्टाफ घेऊन दोन दिवस उन्हात फिरलो. मारुतीच्या देवळासमोरची जागा ठरवली. गावाच्या मधोमध, मोकळी, पाईपही कमी लागणार. ड्रॉइंग झकास झालं होतं.

ते गावात दाखवताना मागच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी एवढंच विचारलं की, देवळासमोरच्या नळावर आम्हीपण हंडा लावायचा का? आमच्यातला एकजण लगेच म्हणाला की हो आजी, नळ सगळ्यांसाठीच आहे. त्या हसल्या आणि निघून गेल्या. ते हसणं मला काही बरं वाटलं नाही.

रात्री घरी जेवताना मी हे आजीला सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प बसली, मग तिने मला आजवर कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. विहिरी कोरड्या पडलेल्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला होता. दुष्काळात त्यांनी आपल्या भागातल्या गावांत बोअर घेण्याचं काम हाती घेतलं, आणि हातपंपाची जागा धरली ती मुद्दाम दलित वस्तीत. ज्याला पाणी पाहिजे त्याने तिथे यावं. आमच्या गावातही पंप वस्तीतच बसला. आजी तीन दिवस गेली नाही, मैलभर लांबच्या डबक्यातून पाणी आणलं. चौथ्या दिवशी गेली. पुढे गेलेल्या बायांनी तिला रांगेत जागा करून दिली. हे सांगताना आजी माझ्याकडे बघत नव्हती.

कॅम्पवरून आल्यावर मी लायब्ररीतून फुल्यांचं चरित्र आणि त्यांचं समग्र वाङ्मय काढलं. पहिला धक्का बसला तो हा, की आमच्या भाषेत सांगायचं तर जोतीराव सिव्हिलवाले होते! पोटासाठी ते बांधकामाची कंत्राटं घ्यायचे.

पण आधी सुरुवातीपासून सांगतो. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि त्यानंतर नऊ वर्षांनी, १८२७ मध्ये, जोतीरावांचा जन्म झाला. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय चालला म्हणून फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या, सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवलं. वडिलांनी, गोविंदरावांनी, लोकांचं ऐकून पोराला शाळेतून काढून मळ्यात लावलं होतं. शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिट साहेब यांनी समजूत घातली तेव्हा १८४१ मध्ये पोरगं पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेलं. तिथे आणि त्यानंतर त्यांनी बरंच वाचलं. माणसाच्या हक्कांवर लिहिणारा थॉमस पेन त्यांच्या डोक्यात कायमचा बसला.

१८४८ मध्ये एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत ते चालत होते, तेव्हा जातीवरून त्यांचा अपमान करून त्यांना बाजूला काढण्यात आले. हा प्रसंग आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेला आहे. मला नवीन होती ती त्याच वर्षातली दुसरी गोष्ट. त्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. जोतीराव त्यांच्याकडे आले आणि त्यांनी तिथे मिस फरार या अमेरिकन मिशनरी बाईंची मुलींची शाळा पाहिली. म्हणजे आपल्या तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, आताच्या अहिल्यानगरमध्ये! पुण्याला परत गेल्यावर त्याच वर्षी त्यांनी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना घरी शिकवले होतेच, पुढे त्यांनीही फरार बाईंकडे शिक्षिकेचे शिक्षण घेतले. गावाचा रोष वाढला तेव्हा गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली.  पण पुढे शाळा आणखी निघाल्या, महार-मांगांच्या मुलांसाठीही निघाल्या.

आता कंत्राटदारीकडे येतो. शाळा काढून पोट भरत नाही. जोतीरावांनी बांधकामाला लागणारा माल पुरवण्याची आणि कामं करून घेण्याची कंत्राटं घेतली. आज आपण ज्याला खडकवासला म्हणतो त्या मुठा नदीवरच्या धरणाच्या कामात ते होते, येरवड्याच्या पुलाच्या कामातही होते. साइटवर त्यांनी काय पाहिलं? खडी फोडणारे, माती वाहणारे लोक सगळे खालच्या मानलेल्या जातींचे, आणि हजेरी लिहिणारा, माप घेणारा दुसराच कोणी. ज्याला वाचता येत नाही त्याची मजुरी कागदावर मारली जायची. हे त्यांनी पुस्तकातून शिकलेलं नव्हतं, रोज डोळ्यासमोर पाहिलेलं होतं. शाळेचा आग्रह त्यांच्याकडे एवढा का होता हे मला इथे कळलं. अंगठा उठवणारा माणूस कायद्याने स्वतंत्र असला तरी हिशेबात गुलामच राहतो.

१८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. सभा घेऊन ठराव केला नाही. स्वतःच्या दारातली जागा दिली. हे वाचताना मला एकदम आजीचा हातपंप आठवला.

आता थोडं लांब, अमेरिकेत जाऊ. जोतीराव शाळा चालवत होते त्याच काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध झालं. सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. सुमारे ४० लाख काळे गुलाम मुक्त झाले. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनचा खून झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. त्यानंतर १८७७ पर्यंतच्या काळाला तिथल्या इतिहासात रिकन्स्ट्रक्शन म्हणतात. शब्द आपल्या सिलॅबसमधला, पण काम इमारतीचं नव्हतं, फुटलेला देश पुन्हा उभा करायचा होता. १८६८ मध्ये काळ्यांना नागरिकत्व मिळालं, १८७० मध्ये पुरुषांना मताचा हक्क मिळाला. फ्रीडमेन्स ब्युरो नावाच्या सरकारी खात्याच्या मदतीने शाळा निघाल्या, आणि कालचे गुलाम, म्हातारेसुद्धा, अक्षरं गिरवायला बसले.

या युद्धाचा धक्का आपल्या दख्खनलाही बसला होता. अमेरिकेचा कापूस बंद झाला म्हणून इथल्या कापसाचे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज तसंच राहिलं. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याच्या कारणांत हेही एक कारण मानतात.

जोतीरावांनी अमेरिकेकडे बारकाईने पाहिले. १८७३ मध्ये त्यांनी गुलामगिरी हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी काळ्या गुलामांना सोडवण्यासाठी स्वतः झीज सोसली होती. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना असेच मोकळे करावे अशी आशा त्यांनी तिथेच व्यक्त केली. खरं तर आपल्याकडे कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने गुलामीची मान्यता काढून घेतली होती. कागदावर या देशात गुलाम उरलाच नव्हता! तरीही जोतीरावांनी पुस्तकाचे नाव गुलामगिरी ठेवले. त्यांना म्हणायचे होते ते हेच, की कायद्याने बेडी तुटते, पण माणसांमधली भिंत तशीच उभी राहते.

अमेरिकेचं पुढे काय झालं ते ऐका. मुक्त झालेल्यांपैकी काहींना दिलेली जमीन लिंकननंतरच्या अध्यक्षाने परत घेतली. बरेचजण जुन्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबू लागले, पुन्हा कर्जात अडकले. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतून आपले शेवटचे सैनिक मागे घेतले आणि हळूहळू मताचा हक्क, शाळा, गाडीतली बाकंसुद्धा वेगळी झाली. मताचा हक्क खऱ्या अर्थाने हातात यायला १९६५ साल उजाडावे लागले. वरून बांधकाम पूर्ण दिसत होतं, पाया मात्र अर्ध्यात सोडलेला होता.

जोतीरावांनी पायाचे काम सोडले नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. भटाशिवाय, कमी खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षणावर खर्च करा अशी मागणी केली. रयतेच्या पट्टीतून वरच्या वर्गाच्या कॉलेजांना पैसा जातो आणि रयतेची पोरं अडाणी राहतात, हा त्यांचा हिशेब होता.

१८८३ मध्ये पूर्ण केलेल्या शेतकऱ्याचा असूड या पुस्तकात तर मला आमच्या वॉटरशेडचा धडा सापडला. पावसाचं पाणी वाहून न जाता शेतात मुरेल असे बंधारे घाला, तलाव बांधा, गाळ शेतात जाऊ द्या, पाणाड्यांकडून जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते दाखवून घ्या. ज्याने धरणावर कंत्राट घेतलं त्याचीच ही नजर. मला वाटतं, त्यांना पाणी आणि शाळा या दोन वेगळ्या गोष्टी वाटतच नव्हत्या. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच, की शेवटच्या माणसापर्यंत पोचतं का?

११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली. आपण हाताला प्लॅस्टर झालं तर सबमिशनला मुदतवाढ मागतो. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहून सार्वजनिक सत्यधर्म हे पुस्तक पूर्ण केले. ते छापून आले १८९१ मध्ये. त्याआधीच २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले होते. सगळे लोक एकमय झाल्याशिवाय देशाला राष्ट्र म्हणता येणार नाही, हा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. एकमय हा शब्द त्यांचाच. सावित्रीबाई १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या.

आता आमच्या ड्रॉइंगचं सांगून संपवतो. पुस्तकं वाचल्यावर मी सर्व्हेची फिल्डबुक पुन्हा काढली. वस्तीची बाजू देवळापेक्षा खाली आहे, म्हणजे टाकीचं पाणी तिकडे आपसूकच जास्त दाबाने जातं. तांत्रिक अडचण शून्य. फक्त १४० मीटर पाईप वाढतो. मग आम्ही ती जागा सुरुवातीला बघितलीसुद्धा का नाही? आम्ही चौघंही जातपात मानत नाही. पण लेव्हल कुठे लावायची हे ठरवताना आमचे पाय आपोआप देवळाकडे वळले. जोतीराव साइटवर असते तर त्यांनी हेच आधी विचारलं असतं.

आम्ही दुसरं ड्रॉइंग केलं, त्यात नळकोंडाळं वस्तीच्या तोंडाशी दाखवलं. गावात वाद झाला. काहींनी जादा पाईपच्या खर्चाचं कारण काढलं, काहींनी ते न काढताच नापसंती दाखवली. माझ्या चुलत्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. आजी मात्र चावडीवर आली आणि पन्नास वर्षांपूर्वी आपण चौथ्या दिवशी कुठून पाणी आणलं ते तिने सगळ्यांसमोर सांगितलं. या वेळी ती लोकांकडे बघून बोलली.

ग्रामपंचायतीचा निर्णय हे लिहीपर्यंत झालेला नाही. दोन्ही ड्रॉइंग टेबलावर आहेत. पण मित्रांनो, आपण उद्या रस्ते, पूल, टाक्या, शाळा बांधणार आहोत. आपल्या हातात लेव्हल आहे आणि नकाशावर पहिली खूण आपणच करणार आहोत. ती खूण करताना एकदा मान वळवून मागच्या वस्तीकडे बघा, एवढंच सांगायचं होतं.