भाजलेल्या लेकरांचे कैवारी : डॉक्टर लेनर्ड कोलब्रूक

हिवरा आश्रम व आसपासच्या खेड्यांत पुष्कळ घरी चूल अजून जमिनीवरच असते. पहाटे आंघोळीचे पाणी तापत असते, वैलावर वरणाचा गंज ठेवलेला असतो, आणि घरातील रांगते मूल तेथेच खेळत असते. क्षणात गंज कलंडतो. मग लेकराला उचलून मेहकरास, तेथून बुलढाण्यास किंवा अकोल्यास नेण्याची धावपळ होते. इस्पितळ गाठले म्हणजे संकट टळले, असे आईबापांस वाटते. परंतु भाजलेल्या मुलावरचे दुसरे संकट पुष्कळदा त्यानंतरच येते. पहिले दिवस निभावून नेलेले मूल पुढे तापाने फणफणते, जखमेत पू होतो, आणि जे अग्नीच्या हातून सुटले ते कधी कधी ह्या दुसऱ्या शत्रूच्या हाती सापडते. हा शत्रू कोठून येतो, ह्याचा शोध ज्यांनी घेतला त्या डॉक्टर लेनर्ड कोलब्रूक ह्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

कोलब्रूक ह्यांचा जन्म इंग्लंडातील गिल्डफर्ड गावी 1883 साली झाला. लंडन येथील सेंट मेरीज इस्पितळात त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले व तेथेच सर आल्मरॉथ राइट ह्यांच्या हाताखाली रोगजंतूंच्या अभ्यासास वाहून घेतले. त्या काळी बाळंतरोगाने अनेक घरे आईविना होत असत. हा रोग बहुधा स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूपासून होतो. कोलब्रूक ह्यांची बहीण डोरा ह्याही डॉक्टर होत्या. हे जंतू पुष्कळदा बाळंतिणीची सेवा करणाऱ्यांच्याच नाकाघशातून तिच्यापर्यंत पोहोचतात, हे त्यांनी कसून केलेल्या तपासाने दाखविले. इकडे बंधूंनी हात निर्जंतुक कसे करावे ह्याचे प्रयोग केले. पुढे 1936 साली त्यांनी क्वीन शार्लट इस्पितळात प्रॉन्टोसिल हे नवे औषध बाळंतरोगावर दिले. पहिल्या 64 स्त्रियांपैकी केवळ 3 दगावल्या. औषध हाती आले, तरी हात धुण्याचा आग्रह सोडावा असे त्यांस कधी वाटले नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते फ्रान्सात सैन्याबरोबर होते. तेथे भाजलेल्या शिपायांच्या यातना त्यांनी पाहिल्या, आणि परत आल्यावर भाजलेल्या जखमांचा प्रश्न हाती घेतला. 1942 साली ग्लासगो शहराच्या रॉयल इन्फर्मरीत त्यांचे काम सुरू झाले. तेथे त्यांना शिपायांपेक्षा लहान मुलेच अधिक भेटली. कोणी चहाच्या किटलीने पोळलेले, कोणी शेगडीजवळ झग्याने पेट घेतलेले.

त्यांची रीत साधी होती. मूल दाखल होताच जखमेवर निर्जंतुक बोळा फिरवून त्यावर कोणते जंतू आहेत हे पाहावयाचे, आणि पुढे मलमपट्टी बदलताना पुन्हा तसेच करावयाचे. ह्या नोंदींवरून जे दिसून आले ते कोणाही सेवकास खाली मान घालावयास लावणारे होते. पुष्कळ मुलांच्या जखमांवर येतेवेळी ते घातक जंतू नव्हतेच; ते इस्पितळात राहता राहता आले. जुनी पट्टी उकलताना सुकलेल्या पुवाचे कण हवेत उडत व शेजारच्या उघड्या जखमेवर बसत. कांबळ्यांतून धूळ उडे. परिचारिकेचे हात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात. ज्या हातांनी दुःख हलके करावयाचे तेच हात नकळत दुःख वाहून नेत होते.

येथे वाचक विचारतील की, भाजलेल्या मुलालाच हा धोका एवढा का? कातडे हा शरीराचा कोट आहे. तो जळाला की आतील ओलसर मांस जंतूंस मोकळे मिळते. जळून मेलेल्या भागात रक्त फिरत नाही, म्हणून रक्तातून जाणारे औषधही तेथे नीट पोहोचत नाही. शिवाय मुलाचे कातडे पातळ असते, आणि वजनाच्या मानाने त्याचे अंग मोठ्या माणसापेक्षा अधिक उघडे असते. त्यामुळे जी वाफ मोठ्यास चटका देते ती बाळास मरणाच्या दारी नेते.

पुढे बर्मिंगहॅम येथील अपघात इस्पितळात कोलब्रूक ह्यांनी ह्या ज्ञानाचा उपयोग केला. मलमपट्टी खाटेवर न करता वेगळ्या खोलीत करावी, त्या खोलीत गाळलेली हवा दाबाने सोडावी म्हणजे बाहेरची धूळ आत शिरणार नाही, नाकातोंडावर फडके बांधावे, जखमेस बोटांनी न शिवता चिमट्यांनी काम करावे, अशी शिस्त त्यांनी घातली. पेनिसिलिनच्या मलमाने स्ट्रेप्टोकॉकसास आवरता येऊ लागले. तथापि युद्ध संपले नाही. त्यांच्यामागून तेथे काम करणारे एडवर्ड लोबरी ह्यांना असे दिसले की, एक जंतू हटला की दुसरा त्याची जागा घेतो. हिरवट पू करणारा स्यूडोमोनास पुढे सरसावला, आणि काही जंतू तर औषधांस दादच देईनासे झाले. आजही जगभरच्या इस्पितळांपुढे हाच पेच आहे. औषधाची धार बोथट होते; स्वच्छ हाताची होत नाही.

1945 साली कोलब्रूक रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. एवढा मान मिळाल्यावर निवृत्तीत स्वस्थ बसण्यास हरकत नव्हती. पण एक विचार त्यांस स्वस्थ बसू देईना. ह्यांतील बहुतेक मुले मुळात भाजावयासच नको होती. म्हणून पत्नी व्हेरा ह्यांच्यासह ते शेगड्यांस जाळी लावण्याच्या कायद्यासाठी झटू लागले. 1952 साली तो कायदा झाला, व जाळीवाचून घरगुती गॅसच्या, विजेच्या व तेलाच्या शेगड्या विकण्यास ब्रिटनमध्ये बंदी झाली. मुलींचे झोपण्याचे घोळदार झगे सहज पेट घेतात, हेही त्यांनी लोकांच्या लक्षात आणून दिले. त्याविषयीचे नियम 1964 साली झाले. 1967 साली ते निवर्तले.

वाचकहो, ह्या चरित्रापासून आपणांस काय घेता येईल? बर्मिंगहॅमची ती खोली आपल्या गावी नाही. परंतु चुलीभोवती विटांचा हातभर कठडा आपण घालू शकतो. उकळते पातेले भुईवर न ठेवणे, पदर आवरून चुलीजवळ बसणे, ह्यास दाम पडत नाही. तरीही मूल भाजलेच, तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साध्या थंड पाण्याची धार धरावी, बाकीचे अंग उबदार ठेवावे, व स्वच्छ फडके सैल झाकून दवाखाना गाठावा. शेण, शाई, हळद, दात घासण्याचे मलम ह्यांपैकी काहीही लावू नये.

आणि इस्पितळात भेटीस जाताना आम्हा सर्वांस, विशेषतः मंडळीच्या उपदेशकांस, एक गोष्ट ध्यानी धरावी लागेल. आजाऱ्यास भेटणे हे आपले कर्तव्य आहे खरे. पण दहा माणसांनी खाटेभोवती गर्दी करणे, पट्टी उचलून पाहणे, एका लेकराच्या डोक्यावर ठेवलेला हात न धुता दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे, ही प्रीती नव्हे. ज्यास सर्दी किंवा ताप आहे त्याने घरीच प्रार्थना करावी. बाकीच्यांनी एकेकट्याने जावे, आधी साबणाने हात धुवावे, खाटेवर बसू नये, व निघताना पुन्हा हात धुवावे. हात धुण्यास जेवढा वेळ लागतो तेवढाच कदाचित त्या लेकराच्या व दुसऱ्या संकटाच्या मध्ये उभा असतो.